थांबलेल्या मुक्तस्रोत कंपायलरचे काम पुन्हा कसे सुरू करावे

स्वयंसेवकांनी लिहिलेला कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) थांबतो तो बहुधा मूळ लेखकाला वेळ उरत नाही म्हणून. कोड जिथल्या तिथे असतो. फाब्रिस बेलार यांनी लिहिलेला टायनी सी कंपायलर (टीसीसी) त्यांनी काम थांबवल्यावर इतरांनी सांभाळला, आणि त्याची ०.९.२६ ही आवृत्ती २०१३ मध्ये, तर ०.९.२७ ही २०१७ मध्ये निघाली. असे काम हाती घेणाऱ्याला नवी सोय जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा; पहिले काही आठवडे जुना कोड जसाच्या तसा चालवण्यातच जायला हवेत.

सर्वप्रथम जुन्या प्रमुखांना पत्र लिहून रिपॉझिटरीचे (कोड साठवलेल्या जागेचे) अधिकार मागावेत. उत्तर आले नाही तर वेगळी शाखा (कोडची स्वतंत्रपणे चालवलेली प्रत) काढावी, पण परवाना तोच ठेवावा. १९९७ मध्ये जीसीसी या प्रसिद्ध मुक्तस्रोत कंपायलरमधून ईजीसीएस ही शाखा फुटली, तेव्हा तिच्या लोकांनी योगदानाचे हक्क जीसीसीची पालक संस्था असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवण्याची पद्धत मोडली नाही. त्यामुळे १९९९ मध्ये हीच शाखा अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारली जाण्यात हक्कांची अडचण आली नाही. परवाना बदलायचाच असेल तर प्रत्येक योगदात्याची संमती लागते. टीसीसीच्या कोडसोबत अशा संमतींची नोंद ठेवणारी स्वतंत्र फाइलच आहे.

यानंतर बांधणीकडे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याकडे, वळावे. स्वतः दुरुस्ती करण्याआधी डेबियन लिनक्स आणि बीएसडी कुळातील कार्यप्रणालींची पॅकेजे उघडून पाहावीत, कारण मूळ प्रकल्प निजलेला असताना तिथल्या मंडळींनी कितीतरी पॅच (छोट्या दुरुस्त्या) लिहून ठेवलेले असतात. तरीही बांधणी अडेलच. नेहमीचा प्रकार असा: हेडर फाइलमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) चुकांची संख्या मोजणारे एक चल ‘एक्स्टर्न’ (व्याख्या दुसरीकडे आहे असे सांगणारा शब्द) न लावता घोषित केलेले असते, ती हेडर दहा फाइलींत येते, आणि लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) एकाच नावाच्या दहा व्याख्या सापडल्याची तक्रार करून थांबतो. पूर्वी हे खपत असे; २०२० च्या जीसीसी १० पासून खपत नाही. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावून व्याख्या एकाच फाइलमध्ये ठेवली की काम भागते. जीसीसी १४ घोषणा न करता वापरलेले फंक्शन ही चूकच मानतो, तर जीसीसी १५ वेगळे न सांगितल्यास सी भाषेचे सी२३ हे नवे मानक धरत असल्यामुळे ‘बूल’ नावाचा स्वतः ठरवलेला डेटाप्रकार तिथे चालत नाही. म्हणून आधी जुने मानक सांगणारा पर्याय देऊन बांधणी पुरी करावी, चाचण्या चालवून नापास चाचण्यांची यादी जपून ठेवावी, आणि मगच एका कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) एकच दुरुस्ती या शिस्तीने पुढे जावे. ही यादी नसेल तर बिघाड जुना की आपण केलेला, हे कधीच कळत नाही.

कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेल तर सर्वांत विश्वासार्ह परीक्षा त्याच्यापाशीच असते. यंत्रावरील कंपायलरने पहिली प्रत बांधावी, पहिलीने दुसरी, दुसरीने तिसरी. पहिली आणि दुसरी वेगळ्या असणारच, कारण त्या बांधणारे कंपायलर वेगळे आहेत. दुसरी आणि तिसरी मात्र सहसा बाइटन् बाइट जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर कोड निर्माण करणाऱ्या भागात दोष असण्याची शक्यता मोठी असते.

साचलेल्या तक्रारी तारखेप्रमाणे न घेता पुन्हा घडवून दाखवता येतात का, या कसोटीवर घ्याव्यात. दोष दाखवणारा हजार ओळींचा नमुना सी-रिड्यूस या नमुने लहान करणाऱ्या साधनाने पाचसात ओळींवर आणता येतो, आणि नेमका असा छोटा नमुना नवख्या स्वयंसेवकाच्या हाती द्यावा. त्याला सगळा कंपायलर समजून घ्यावा लागत नाही. टीसीसीची ‘मॉब’ शाखा नोंदणीविना कुणालाही लिहिण्यास खुली आहे. या मोकळेपणाने त्या प्रकल्पाला हात मिळाले, तरी दोनतीन जणांच्या चमूने प्रत्येक बदल दुसऱ्याच्या नजरेखालून घालावा, असे मला कळकळीने वाटते.

पहिली आवृत्ती फक्त दुरुस्त्यांची काढावी आणि ज्या पॅकेजांतून पॅच घेतले त्यांच्या सांभाळकर्त्यांना ती आधी कळवावी. आवृत्ती काढण्याचे अधिकार त्याच दिवशी आणखी एका व्यक्तीला द्यावेत.