वाय-फाय कार्ड बदलायचं का? स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

घरचा कॉम्प्युटर नेटवर रखडायला लागला की पहिला संशय वाय-फाय कार्डावर जातो. कार्ड छोटं, फारसं महाग नाही, घरपोच येतं; त्यामुळे संशय तपासण्यापेक्षा ते मागवणंच सोपं वाटतं. म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, मोजण्याचं आहे.

एका कागदावर तीन आकडे लिहा. तुमच्या इंटरनेट प्लॅनचा वेग किती, राउटरला केबल जोडून त्याच कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट केली तर किती येतो, आणि केबल काढून, कॉम्प्युटर नेहमीच्या जागी ठेवून वाय-फायवर किती येतो. केबलवरच वेग कमी आला तर कार्डाला दोष देऊ नका. भांडण राउटरशी किंवा कनेक्शन देणाऱ्याशी आहे. फक्त एक बघा, केबलवरचा आकडा ९४-९५ एमबीपीएसला येऊन थिजला असेल तर बहुधा केबल खराब आहे किंवा एखादा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे. दुसरी केबल लावून पुन्हा मोजा. केबलवर ३०० आणि वाय-फायवर ४० असं काही दिसलं तरच पुढे जायचं.

पुढे म्हणजे फोनकडे. फोन त्याच टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवून तीच टेस्ट करा. फोनलाही ४०च मिळत असतील तर राउटर लांब आहे किंवा मध्ये भिंती जास्त आहेत. नवं कार्ड त्या भिंती पाडणार नाही. राउटर जमिनीवरून उचलून उंचावर ठेवा, कपाटात असेल तर बाहेर काढा, आणि मग पुन्हा मोजा. फोनला २५० मिळतात आणि कॉम्प्युटरला ४०, असं निघालं तर मात्र गडबड कॉम्प्युटरकडे आहे.

तरीही कार्डच दोषी असेल असं नाही. एका नातेवाइकाच्या डेस्कटॉपसाठी मी नवं कार्ड निवडून ठेवलं होतं, फक्त ऑर्डर द्यायची बाकी होती. केबिनेट पुढे ओढलं, तर मागे मदरबोर्डच्या दोन पितळी अँटेना-जोडण्या उघड्याच. मदरबोर्डचं खोकं माळ्यावरून खाली काढलं. दोन्ही अँटेना प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं सीलसुद्धा शाबूत. म्हणजे मशीन घेतल्यापासून ते बिचारं कार्ड अँटेनांशिवायच राउटरचा आवाज ऐकायची धडपड करत होतं. अँटेना पिळून बसवल्या आणि काम संपलं. तेव्हापासून मी सगळ्यात आधी मशीनच्या मागच्या बाजूला बघतो. अँटेना नीट आवळलेल्या आहेत ना, त्या भिंत आणि पत्र्याचं केबिनेट यांच्या फटीत चेपल्या तर गेल्या नाहीत ना, हे तुम्हीही बघा. केबिनेट टेबलाखाली कोपऱ्यात असेल तर लांब वायरची, टेबलावर ठेवता येणारी अँटेना मिळते. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

आता सध्याचं कार्ड नेमकं काय करतंय ते पाहा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि तिथे हार्डवेअर प्रॉपर्टीज. प्रोटोकॉल (वाय-फायची पिढी), बँड (लहरींचा पट्टा), चॅनेल (त्या पट्ट्यातली एक वाट) आणि लिंक स्पीड या चार ओळी कागदावर उतरवून घ्या. निर्णय याच ओळींवर होणार आहे. बँड २.४ गिगाहर्ट्झ दिसत असेल आणि कार्ड व राउटर दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ जमत असेल, तर आधी ५वर जोडून बघा, फुकटात काम होईल. २.४ची अडचण अशी की तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल म्हणजे १, ६ आणि ११, एवढीच. त्यातच शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा गोंगाट. यूएसबी ३ची हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात कुरबुर करते.

लिंक स्पीड म्हणजे कार्ड आणि राउटर यांच्यातला कागदोपत्री वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा ते दोन-तृतीयांश हाती लागतो, असा माझा ढोबळ हिशेब. एका अँटेनाचं जुनं ८०२.११एन, म्हणजे वाय-फाय ४चं, कार्ड २.४वर साधारण ७२ दाखवतं, म्हणजे हातात चाळीसेक. वरचा ४०चा आकडा असाच येतो. दोन अँटेनांचं वाय-फाय ५चं (हा पिढीचा क्रमांक, ५ गिगाहर्ट्झशी गल्लत नको) कार्ड ८६६ दाखवतं, आणि वाय-फाय ६चं १६० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलवर २४०२. आता हे प्लॅनशेजारी ठेवा. प्लॅन १००चा आणि लिंक ८६६ची असेल, तर २४०२वालं कार्ड बसवून नेटवर काय फरक पडणार? घरातल्या घरात, एका मशीनवरून दुसऱ्यावर मोठमोठ्या फाइली हलवत असाल तर गोष्ट वेगळी. पण फक्त २.४ कळणारं, २००९च्या एन मानकाचं कार्ड असेल आणि प्लॅन १०० किंवा त्याहून वरचा असेल, तर फार विचार न करता बदला.

वेग ठीक, पण नेट मधूनच तुटतं, ही तक्रार असेल तर कार्डच्या किंवा मशीनच्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) घाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका.

बदलायचंच ठरलं, तर राउटर कोणत्या पिढीचा आहे ते आधी पाहा. वाय-फाय ५च्या राउटरसमोर वाय-फाय ७चं कार्ड बसवलं तरी बोलणं ५च्याच भाषेत होतं. १६० मेगाहर्ट्झचा फायदा हवा तर राउटरलाही ते जमायला हवं. वाय-फाय ६ई, म्हणजे ६चीच वाढीव आवृत्ती; त्या कार्डाचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला राउटर तसा लागतो आणि विंडोज ११ लागतं. विंडोज १०वर तेच कार्ड चालतं, पण तो पट्टा दिसत नाही. वाय-फाय ७चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं. घरात त्याचा राउटर नसेल तर आज त्या कार्डासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

मग जागा. लॅपटॉपमध्ये बहुतेक एम.२ २२३० आकाराचं कार्ड असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. काही पातळ लॅपटॉपमध्ये ते बोर्डावरच डाखलेलं असतं; मग विषय संपला, यूएसबी अडॅप्टर घ्या. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) ठरावीक कार्डं सोडून बाकीच्यांना दारातच अडवतो, त्यामुळे तुमच्या नेमक्या मॉडेलमध्ये कोणाला काय चाललं ते शोधा. सगळ्यात फसवा सापळा इंटेलच्या नावांत आहे. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र अर्धं काम मदरबोर्डवरच्या इंटेलच्याच चिपसेटवर सोपवतात, ती भलत्या मशीनमध्ये चालणारच नाहीत. दिसायला दोन्ही सारखी, खाचसुद्धा तीच! बीई२०० हे वाय-फाय ७चं कार्ड एएमडीच्या मशीनवर ओळखलं जात नसल्याच्या तक्रारी भरपूर आहेत.

डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलंत तर ते छोट्या एक्स१ खाचेत बसतं, मोठ्या खाचेतही बसतं. त्यातलं ब्लूटूथ चालायला बहुधा एक वेगळी वायर मदरबोर्डावरच्या यूएसबी पिनांना जोडावी लागते. त्या पिना मोकळ्या आहेत का ते केबिनेट उघडून आजच बघा. यूएसबी अडॅप्टर घेणार असाल तर नखाएवढा घेऊ नका, त्यात अँटेनाला जागाच नसते.

कार्ड हातात आलं की त्याचा ड्रायव्हर जुनं कार्ड चालू असतानाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. वायरचा माउस हाताशी असू द्या, कारण लॅपटॉपमधलं ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर असतं आणि ते निघालं की ब्लूटूथ माउसही मेला. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी सोडवा. जुन्या कार्डावरच्या काळ्या-पांढऱ्या वायरींचा फोटो काढा. त्यांची टोकं मसुराच्या डाळीहून लहान. नखाने सरळ वर उचलायची, आडवी ओढायची नाहीत. बसवताना बरोबर डोक्यावर ठेवून दाबलं की बारीकसं टक् होतं. तिरपं बसलं तर पिन वाकते, म्हणून ते टक् ऐकू येईपर्यंत घाई नको. मिनी पीसीआय या एम.२आधीच्या खाचेच्या जुन्या लॅपटॉपमधल्या वायरींची टोकं एम.२ कार्डाला बसत नाहीत, आकार वेगळा असतो.

मशीन सुरू झालं की तोच कागद काढा आणि त्याच जागेवरून, दिवसाच्या त्याच वेळी, स्पीड टेस्टच्या त्याच सर्व्हरवर पुन्हा मोजा. ४०चे २५० झाले तर जुनं कार्ड पिशवीत घालून ठेवा. ४०चे ४५ झाले, तर परतीची मुदत संपायच्या आत नवं कार्ड खोक्यात घालून परत पाठवा.