शस्त्रक्रियेनंतरची पित्तगळती: निदान आणि उपचारांचा क्रम

यकृताच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची प्रकृती अपेक्षेप्रमाणे सुधारत नसेल, पोट फुगत असेल, नाडी जलद राहत असेल किंवा बारीक ताप येत असेल, तर पित्तगळतीची, म्हणजे पित्त नलिकांबाहेर पोटात गळत असल्याची, शंका घ्यावी. कावीळ नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. पित्ताचा निचरा पोटात होत असला तरी रक्तातील बिलिरुबिन (पित्तातील पिवळे द्रव्य, जे वाढल्यास कावीळ दिसते) फारसे न वाढलेले असू शकते.

ड्रेन (पोटातील द्रव बाहेर काढणारी नळी) असल्यास निदान सोपे होते. इंटरनॅशनल स्टडी ग्रुप ऑफ लिव्हर सर्जरीने 2011 साली मांडलेल्या व्याख्येनुसार, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यापुढे ड्रेनमधील द्रवातील बिलिरुबिन रक्तातील पातळीच्या किमान 3 पट असेल, तर ती पित्तगळती होय. ड्रेन नसल्यास सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये साठा दिसतो. तो पित्ताचा आहे की अन्य कशाचा, हे सुईने द्रव काढून तपासल्यावरच निश्चित होते. हायडा स्कॅन (किरणोत्सर्गी द्रव्य देऊन पित्ताचा प्रवाह पाहणारी तपासणी) गळती चालू आहे का हे सांगतो, तर एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय तपासणी) नलिकांची रचना दाखवते.

उपचारांत पहिला मान संसर्ग आटोक्यात आणण्याचा आहे. शिरेतून द्रव व प्रतिजैविके द्यावीत आणि साठ्यात त्वचेतून ड्रेन घालावा. ड्रेन नीट वाहत असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर किरकोळ गळती अनेकदा आपोआप थांबते. न थांबल्यास ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया) करून नलिकेत स्टेंट (बारीक पोकळ नळी) बसवतात. त्यामुळे नलिकेतील दाब उतरतो, पित्त आतड्याकडे वळते आणि पित्ताशयाच्या नलिकेच्या टोकाशी असलेली गळती सहसा भरून येते. स्टेंट साधारण 4 ते 6 आठवड्यांनी काढतात.

एका फसव्या परिस्थितीकडे मात्र बारकाईने पाहावे: ईआरसीपीमध्ये गळती दिसत नाही, तरीही ड्रेनमधून पित्त येतच राहते. अशा वेळी मुख्य नलिकेपासून तुटलेली एखादी स्वतंत्र शाखा, विशेषतः उजव्या बाजूची, गळत असण्याची शक्यता असते. आधीच्या प्रतिमेत ती शाखा रिकामी राहिली आहे का, हे पुन्हा तपासावे आणि ड्रेनमधून रंगद्रव्य सोडून तिचा माग काढावा.

मुख्य नलिकाच कापली गेली असेल, तर घाईने दुरुस्ती करू नये. निचरा करून रुग्णाला अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या पथकाकडे पाठवावे. तातडीची शस्त्रक्रिया लागते ती पोटभर पसरलेल्या पित्तजन्य पेरिटोनायटिसमध्ये (पित्तामुळे पोटाच्या आतल्या आवरणाला आलेली सूज). ती पोट धुऊन ड्रेन ठेवण्यापुरती असते; नलिकेची अंतिम जोडणी सूज आणि संसर्ग ओसरेपर्यंत बहुधा पुढे ढकललेलीच बरी.