झेनर डायोडने व्होल्टेज स्थिर कसे ठेवावे

साधा डायोड उलट्या दिशेने प्रवाह अडवतो आणि मर्यादेबाहेर व्होल्टेज गेल्यास बहुधा जळतो. झेनर डायोड मात्र नेमक्या त्याच उलट्या दिशेने, ठरलेल्या व्होल्टेजला वाहू लागण्यासाठीच बनवलेला असतो. म्हणून त्याचा पट्टा असलेला कॅथोड धन बाजूला जोडावा. प्रवाह कमीजास्त झाला तरी त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज फारसे बदलत नाही.

खरी कसोटी मालिकेतील रेझिस्टर निवडण्यात आहे, कारण तो नसेल तर प्रवाहाला आवर राहत नाही. समजा, पुरवठा ११ ते १४ व्होल्टच्या दरम्यान हलतो, झेनर ५.१ व्होल्टचा आहे, लोडला, म्हणजे झेनरला समांतर जोडलेल्या उपकरणाला, २० मिलीअँपिअर लागतात आणि झेनरमधून किमान ५ मिलीअँपिअर वाहायला हवेत. सर्वांत कमी पुरवठ्याला उरलेले ५.९ व्होल्ट २५ मिलीअँपिअरने भागल्यास २३६ ओहम येतात. म्हणून त्याखालचा २२० ओहमचा प्रमाणित रेझिस्टर घ्यावा. आता उलट टोक तपासावे, जे नवशिके हमखास विसरतात: पुरवठा १४ व्होल्ट असताना लोड काढला, तर सुमारे ४०.५ मिलीअँपिअरचा सगळा प्रवाह झेनरमधून जातो आणि त्यात ०.२१ वॉट उष्णता निर्माण होते. अर्ध्या वॉटचा झेनर पुरेसा ठरतो, रेझिस्टरमध्ये ०.३६ वॉट खर्च होत असल्याने तो एक वॉटचा घेणे शहाणपणाचे.

संदर्भ व्होल्टेज देणे, तसेच मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या गेटचे (नियंत्रण टोकाचे) अतिव्होल्टेजपासून रक्षण करणे, हेही त्याचे नेहमीचे उपयोग आहेत. जास्त प्रवाहासाठी मात्र ही रचना उधळी ठरते. तेथे रेग्युलेटर आयसी, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी तयार चिप, वापरावी.