पावसाळ्याआधी फुलपाखरांच्या बागेची तयारी

मे महिन्यातच ही तयारी करून ठेवा, कारण जूनमध्ये पाऊस लागला की रोपं पटापट रुजतात आणि गणपतीनंतर ऊन पडायला लागलं की फुलपाखरांची रेलचेल सुरू होते, तोवर झाडं हाताशी पाहिजेत. सगळ्यात आधी गच्चीत, बाल्कनीत किंवा अंगणात निदान ५-६ तास ऊन कुठं येतं ते बघा. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडताच येत नाही, त्यामुळं सावलीत कितीही फुलं लावली तरी फारसं कोणी फिरकणार नाही.

आता झाडं. बहुतेक जण नुसती फुलझाडं आणतात आणि खरी गडबड तिथंच होते. फुलांवर फुलपाखरू मध प्यायला येतं आणि निघून जातं, त्याला मुक्कामाला ठेवायचं तर अळीला खायला पान पाहिजे, आणि प्रत्येक जातीचं पान ठरलेलं असतं. म्हणून यादीत पहिला नंबर कढीपत्ता आणि लिंबाचा. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन, आणि नशीब जोरावर असेल तर ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी, २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर झालं ते, ही सगळी लिंबाच्या कुळावर अंडी घालतात. कलमी लिंबूच पाहिजे असं काही नाही, बी टाकून उगवलेलं पण चालतं, आपल्याला फळ नको पान पाहिजे. कढीपत्त्याच्या १२ इंची कुंड्या दोन ठेवा, एक खाऊन संपली की दुसरी आहे. मादी आली की नीट बघा, ती कोवळ्या पानावर पुढचे पाय टपटप आपटून चव घेते आणि मग मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवते. अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि तिला हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारंगी-लालसर शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो. लहान मुलांना हे दाखवाच.

मग रुई, मारुतीला हार करतो तीच, किंवा कुंडीसाठी हळदीकुंकू, यांच्यावर प्लेन टायगर येतो. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष चांदीसारखा चकाकतो, पानाखाली शोधा. पण रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि कण्हेर विषारी आहे, घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर दोन्ही टाळा. जागा अगदीच कमी असेल तर पानफुटी घ्या, रेड पियरोची अळी पानाच्या आत शिरून खाते, पान डागाळलं की रोग समजून उपटू नका. अंगण असेल तर सीताफळ आणि बहावा पण लावता येईल.

मधासाठी पेंटास, झिनिया, कॉसमॉस आणि साधी गावठी रुक्मिणी, बस. झिनिया घेताना एकेरी पाकळ्यांची घ्या, भरगच्च दुहेरी फुलात सोंड आत पोचत नाही. एकाच रंगाची चार-पाच रोपं एकत्र लावा, लांबून दिसतात. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात हे खरं, पण तिनं आपली जंगलं व्यापून टाकलीत त्यामुळं मी तरी ती कोणाला सुचवत नाही. कुंडीत आपोआप उगवणारी एकदांडी मात्र राहू द्या, छोट्या निळ्या फुलपाखरांना ती फार आवडते.

नर्सरीत एक प्रश्न न लाजता विचारा, औषध मारलंय का? इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पानात भिनतं, धुऊन जात नाही आणि अळ्या मरतात. शक्यतो बी किंवा फांदीपासून घरीच रोप करा. घरात कडुनिंबाचं तेल सवयीनं फवारत असाल तर या कुंड्या त्यातून वगळा. आणि पानं खाल्लेली दिसणारच, त्याचसाठी तर झाड आणलंय, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी अळ्या झाडून टाकतं.

एका पसरट ताटलीत माती टाकून ओली ठेवा, चिमूटभर मीठ चालेल, नर त्यातले क्षार शोषायला बसतात. पिकून काळं पडलेलं केळं पण ठेवा, मुंग्या येतील, येऊ द्या पण कढीपत्त्यापासून लांब. दिवाळीच्या साफसफाईला गच्ची घासायच्या आधी कुंडीच्या कडा, ग्रिल आणि भिंत तपासा, वाळक्या पानासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो कोष असू शकतो, साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून फुलपाखरू बाहेर येतं, तोवर तेवढा कोपरा सोडून द्या.