सुरमईच्या कल्ल्यांतला चपटा कृमी कसा पाहाल?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुरमई कापून घेताना मी मावशींना आधीच सांगते, "मावशी, कल्ले फेकू नका, मला द्या." कल्ल्यांवर राहणारा परजीवी कृमी पाहायचा, तर सुरमईने सुरुवात करावी. मासा मोठा, कल्लेही मोठे, सुई फिरवायला जागा मिळते. मासळी मात्र ताजी हवी. बर्फात दिवस काढलेल्या माशावरचे कृमी लिबलिबीत होतात.

दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या चार-चार कमानी टोकांशी कापून सुट्या करा आणि क्रमाने वेगळ्या वाट्यांत ठेवा. कृमी कुठल्या कमानीवर सापडला याची नोंद फार मोलाची. वाटीत नळाचं पाणी घालू नका! मी एकदा कल्ले नळाखाली धुतले आणि कृमी फुगून खराब झाले. समुद्राचं पाणी नसेल, तर एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा.

आता पांढरी बशी, भिंग आणि सुई. कल्ल्याचे तंतू फणीच्या दातांसारखे एकेक बाजूला सारा. घाई करू नका. कृमी काही मिलिमीटरचाच, लांबट पानासारखा, आतून काळपट. तो काळेपणा त्याने प्यायलेल्या माशाच्या रक्ताचा. मागच्या टोकावरच्या बारीक चिमट्यांनी तो तंतू धरून बसतो, पुढचं टोक मोकळं. जिवंत असला तर ते टोक लांबतं, आखडतं, पुन्हा लांबतं. मी दर वेळी काम थांबवून हे बघत बसते.

त्याला ओढू नका. मागचे चिमटे तुटले की ओळख पटवणं कठीण. तंतूचा तुकडाच कापून घ्या आणि ओल्या बारीक कुंचल्याने कृमी हळूच सोडवा. स्लाइडवर खाऱ्या पाण्याचा थेंब, त्यात कृमी, वर झाकायची पातळ काच (कव्हरस्लिप). एका कडेने ७० टक्के अल्कोहोल सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. कृमी पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यांच्या रांगा दिसतात, एकेक चिमटा बटव्याच्या तोंडासारखा दोन जबड्यांचा. ते मोजा, चित्र काढा. सुरमईवरच्या प्रायसिया मल्टी या जातीचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ चौहान यांनी १९४५ साली केलं, तेही अशाच बारकाव्यांवरून.

कृमी अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: तारीख, बंदर, मासा, बाजू, कमान. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि सुरमई खुशाल तळा, हा कृमी माणसाच्या अंगात राहत नाही.