ताबा पावतीवर सही करण्याआधी

भूसंपादनात जमीन गेली की मोबदल्याची चर्चा वाडीभर महिनोन्‌महिने चालते. ताबा मात्र दोन पानांच्या पंचनाम्यात उरकतो, आणि गोची तिथेच होते.

आधी नोटिशीवरचा कायदा वाचा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1956 चा कायदा, कलम 3-ई : नोटीस हातात पडल्यापासून 60 दिवसांत ताबा द्यायचा, पण रक्कम त्याआधी जमा झालेली हवी. बाकी बहुतेक प्रकल्पांना 2013 चा भूसंपादन कायदा. त्यात कलम 38 प्रमाणे पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा नाही. तातडीचं कलम 40 लावलं तर 80 टक्के आधी, आणि 30 दिवसांची नोटीस.

ताब्याआधी संयुक्त मोजणीच्या नकाशाची नक्कल घेऊन बांधावर जा, खुणेचे दगड पाहा, तारखेसह फोटो काढा. ‘आंब्याची झाडे 12’ एवढंच लिहू देऊ नका. हापूस कलमं 9, रायवळ 3, प्रत्येकाचा घेर, वय, फळावर आहे की नाही, असं लिहून घ्या. काजू, माड, पोफळी, विहीर, जांभ्याचा गडगा सगळं मोजा. एकदा जेसीबी फिरला की पुरावा उरत नाही.

कोकणातलं खरं दुखणं सामाईक सातबारा. आजोबांचं नाव अजून तसंच, वारस मुंबईला. वारस फेरफार आधी करून घ्या. मालकीचा वाद राहिला तर 2013 च्या कायद्यात पैसे भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होतात आणि ताबा तरीही जातो.

सही नाकारली म्हणून ताबा थांबत नाही. पंचांच्या सह्यांनी झालेला पंचनामा म्हणजे ताबा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. नंतर तुम्ही आंबे काढत राहिलात तरी जमीन सरकारचीच. म्हणून हजर राहा, उणीव असेल ती सहीशेजारी लिहा. रक्कम उचलताना ‘हरकत राखून’ हे शब्द हवेतच. त्याशिवाय पैसे घेतले तर 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) वेळी हजर असाल तर त्या अर्जाला सहा आठवडेच मिळतात.

पुढे कजाप (क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक) झालं की नवा सातबारा काढा. 20 गुंठ्यांतले 6 गेले तर 14 दिसायला हवेत. नसतील तर भूमी अभिलेखमध्ये लगेच अर्ज टाका, पोच घ्या.