अर्ध्यावर आलेल्या पुस्तकाबद्दल कसं बोलावं

सांगलीच्या मावशीचा दर रविवारी सकाळी फोन येतो. तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न ठरलं हे आटोपलं की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "काय चाललंय वाचन?" बरीच वर्षं माझं उत्तरही ठरलेलं होतं. पुस्तकाचं नाव सांगायचं आणि "छान आहे" म्हणायचं. मग ती म्हणायची, "बरं, संपलं की सांग." संपेपर्यंत आणखी दोन रविवार जायचे. तोवर मधल्या पानांवर जे काही वाटलं होतं ते डोक्यातून पार निघून गेलेलं असायचं आणि पुन्हा "छान होतं" एवढंच उरायचं.

पुस्तक संपल्यावर लिहितात ते परीक्षण. पुस्तक हातात असताना सांगायचं ते निराळंच काम आहे. त्यात चुकायची मुभा असते, आणि मला तर त्यातच जास्त मजा वाटते. ही काही आजची टूम नाही. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः येत होती. पुढचा अंक हातात पडेपर्यंत वाचकापाशी अर्धीच गोष्ट. तिच्या नायिकेबद्दल, यमूबद्दल, घराघरांत जे काही बोलणं झालं असेल, ते सगळं अर्ध्या गोष्टीवरच.

पुढे लिहिलंय ते मावशीच्या फोनवर, आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर आणि कट्ट्याच्या व्हॉट्सअॅप गटात चुकतमाकत जमलेलं आहे.

१. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा

खूण म्हणून आपण काहीतरी ठेवतोच. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, काहीही. त्याऐवजी वाण्याच्या बिलाची कोरी बाजू ठेवा आणि अडखळलात त्या पानाचा आकडा टाकून पुढे तीन-चार शब्द लिहा. पूर्ण वाक्य लिहायला बसलात तर वाचन बाजूला राहील. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचताना माझ्या चिठ्ठीवर होतं ते असं: "पोरं मेंढरांमागे, शाळा रिकामी." "तालीम?! कशाला?" "मास्तर रात्री एकटा." बस्स. रविवारी फोन वाजला की चिठ्ठी काढायची, बोलायला तेवढं पुरतं.

वाचनालयाच्या प्रतीवर मात्र एक अक्षरही लिहू नका. लहानपणी आणलेल्या एका रहस्यकथेत कुणीतरी तिसऱ्याच प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याच्या शेजारी दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "गाढवा!" दुसऱ्याला मी केव्हाच माफ केलंय.

२. आधी मुक्काम सांगा

आपण कुठवर आलोय हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण चालू असलं की "कशी वाटली ज्ञानेश्वरी?" असं कुणी विचारत नाही. "कितवा अध्याय चाललाय?" असंच विचारतात. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. वाचणारा त्यात कुठे आहे हे कळल्याशिवाय बोलायचं कशाबद्दल? तीच पद्धत कादंबरीला लावायची.

पानाच्या आकड्यावर फार विसंबू नका. आवृत्ती बदलली, टाइप लहानमोठा झाला की तुमचं नव्वदावं पान माझं एकशे दहावं होतं. प्रकरण सांगा, नाहीतर प्रसंग सांगा. ऑडिओबुक ऐकत असाल तर "बारा तासांतले चार झालेत" म्हणा.

३. एकच जागा पकडा

सगळं काम इथेच आहे. 'बनगरवाडी' सुरू केल्यावर मी कट्ट्याच्या गटात पहिल्यांदा जे टाकलं होतं ते आता वाचताना लाज वाटते:

"सध्या बनगरवाडी वाचतेय. अप्रतिम! अतिशय ओघवती भाषा. ग्रामीण जीवनाचं जिवंत चित्रण. प्रत्येकाने वाचायलाच हवी."

यावर तीन अंगठे आले आणि कुणीतरी दुपारच्या पाणीकपातीचा संदेश टाकला. बरोबरच झालं. ही वाक्यं पुस्तक न उघडता कुठल्याही पन्नास पुस्तकांना चिकटवता येतात. 'ओघवती', 'जिवंत चित्रण', 'खिळवून ठेवणारं' हे शब्द मलपृष्ठावरून आपल्या तोंडी येतात. "हातातून खाली ठेववत नाही" हे त्यांतलं मला सगळ्यात विनोदी वाटतं. मग हा संदेश टाइप कसा केलात?

आठवड्याने मी पुन्हा लिहिलं. या वेळी चिठ्ठी समोर होती:

"बनगरवाडी, तालमीचं काम सुरू झालंय तिथवर. सुरुवातीला शाळेत पोरंच नव्हती, सगळी मेंढरांमागे. अशा धनगरवाड्यावर हा कोवळा मास्तर तालीम बांधायला निघालाय, हे मला आधी पटतच नव्हतं. पण गाव कामाला लागलं तसा माझाही विरोध ढिला पडला. एक खटकतंय. मास्तर गावातल्या एकेका माणसाबद्दल भरभरून सांगतो, स्वतःच्या मनातलं मात्र हात राखून. परक्या गावात रात्री दिवा मालवल्यावर त्याला काय वाटत असेल? माडगूळकरांनी हे मुद्दाम झाकून ठेवलंय का?"

संध्याकाळी गटातल्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावाबद्दल लिहिलं. देवळाशेजारची खोली, कंदील, आणि पहिले आठ दिवस रोज रात्री मुद्दाम मोठ्याने म्हटलेले पाढे, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, पण त्यानंतर तो मास्तर मला निराळा दिसू लागला. ती पुढची साठ-सत्तर पानं मी गुरुजींचा कंदील शेजारी ठेवूनच वाचली.

दुसऱ्या संदेशात फार काही कसब नाही. कुठवर आले ते सांगितलंय, एकच जागा धरलीय, आधी काय वाटत होतं आणि आता काय वाटतंय ते आलंय, एक खटकलेली गोष्ट आहे आणि शेवटी खरोखर पडलेला प्रश्न. "तुम्हांला काय वाटतं?" असा मोघम प्रश्न नको, त्याला कुणी उत्तर देत नाही. साठ-सत्तर शब्द भरपूर झाले. आणि खटकलेलं लिहायला बिचकू नका. मोठ्या लेखकाचं नाव असलं की आपण उगाच हात जोडून बसतो.

४. 'आहे' कधी आणि 'वाटतंय' कधी

मराठीने आपली मोठी सोय करून ठेवलीय. 'वाटतं', 'वाटलं', 'वाटतंय' या तिन्हींचा सूर वेगळा आहे. "नायक भित्रा आहे" म्हटलं की खटला संपला. "नायक भित्रा वाटतोय" म्हटलं की सुनावणी चालू आहे, पुढची तारीख मिळू शकते. अर्ध्या पुस्तकावर बोलताना 'वाटतंय'ला चिकटून राहा.

छापलेल्या पानांवर जे घडून गेलंय त्याला मात्र बिनधास्त 'आहे' आणि 'झालं' लावा. तिथेही 'वाटतंय' घातलं की बोलणं गुळमुळीत होतं. आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधत असाल तर तसं स्पष्ट म्हणा: "पैज लावते, हा परत येणार." चुकलात तर चहा तुमच्याकडून. आमच्या कट्ट्यावर हा नियमच आहे, आणि बहुतेक चहा मीच पाजते.

५. सस्पेन्स फोडू नका, फोडू देऊ नका

पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. कुणी वाचलंय, कुणी नाही हे माहीत नसेल तर तुमच्या मुक्कामाच्याही दहा-वीस पानं मागचंच बोलावं.

दुसरा भाग अवघड आहे. तुम्ही अर्ध्यावर आहात आणि समोरच्याने पुस्तक दोनदा वाचलंय. तो शेवट सांगत नाही, सज्जन असतो. पण "अजून तालमीतच आहेस का? हं... वाच, वाच" असं म्हणून जो हसतो ना, त्या 'हं'मध्ये सगळं फुटलेलं असतं. "पुढे बघ तू" हेही फोडणंच. म्हणून बोलणं सुरू करतानाच सांगून टाका: "मी इथवर आलेय, इथवरचंच बोला, हसूसुद्धा नका." वयाने मोठ्या माणसाला असं सांगायला संकोच वाटतो, मला वाटायचा. मावशीला एकदा सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "बरं बाई, आता चेहरा कोरा ठेवून बोलते." फोनवर!

पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांत ही भानगड उलटी असते. कर्णाचं काय होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथे घटना सांगून काही फुटत नाही. लेखकाने ती कुणाच्या नजरेतून दाखवलीय ते सांगितलं की फुटतं.

६. मत फिरलं तर तेही सांगा

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) एकूण सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. म्हणजे मधेच थांबलेल्या वाचकाने नेहमी काही जणांचीच बाजू ऐकलेली असते. कर्णाचा पहिला भाग संपवून मी मावशीला ठासून सांगितलं, "या कुंतीला काही मी माफ करणार नाही." कर्णाला तेव्हा काहीच माहीत नसतं, आपल्याला सगळं माहीत असतं, म्हणून राग आपल्यालाच येतो. मग कुंती स्वतः बोलायला लागली. जन्मदात्या बापाने आपली लेक कुंतिभोजाला देऊन टाकलेली. जिला स्वतःलाच कुणीतरी दुसऱ्याच्या ओटीत टाकलं होतं, तिने पुढे नदीत सोडलेलं ते मूल. ही गोष्ट मला महाभारतातून ठाऊक होती, पण हे दोन धागे मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते.

पुढच्या रविवारी म्हटलं, "मावशी, मागच्या वेळचं मागे घेते."

"सगळं नको घेऊस," ती म्हणाली. "थोडा राग ठेव. लागेल."

मत बदललं की लोक आधीचा संदेश गुपचूप पुसून टाकतात. पुसू नका. त्याखालीच नवा लिहा. आधीचं आणि नंतरचं शेजारी असलं की वाचणाऱ्याला कळतं की पुस्तकाने कुठे वळवलं.

७. सोडून दिलेलं पुस्तक

"मला नाही झेपलं" यात कमीपणा नाही. कुठे सोडलं आणि त्या वेळी काय चालू होतं ते सांगा. घरी आजारपण होतं म्हणून सोडलं असेल तर तो दोष पुस्तकाच्या माथी मारू नका.

८. फोटो, उतारे आणि ती पीडीएफ

आवडलेल्या चार-पाच ओळी देऊन त्यावर बोलायला काहीच हरकत नाही. परीक्षण-टीकेसाठी वाजवी उतारा घ्यायची सवलत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. प्रकरणच्या प्रकरण फोटो काढून टाकणं किंवा "कुणाला हवी असल्यास" म्हणून अख्खी पीडीएफ पुढे ढकलणं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. सावंत गेले २००२ मध्ये, म्हणजे 'मृत्युंजय'ला २०६२ संपेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या गटात अशी पीडीएफ आली की मी मुकाट्याने दुकानातल्या प्रतीची किंमत टाकते. टोमणा बरोबर पोचतो.

९. दुसऱ्याचं ऐकताना

कुणी आपलं चालू पुस्तक सांगत असेल तर "लेखक कोण? पानं किती? कुठे मिळेल?" ही सरबत्ती थोडी लांबवा. "कुठवर आलीस?" आणि "कुठे थांबलीस?" एवढे दोनच प्रश्न पुरतात. दुसरा जास्त कामाचा, कारण माणूस पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघतो ती जागा सांगताना तो आपोआप खरं बोलायला लागतो. त्याच लेखकाचं तुम्ही वाचलेलं दुसरं पुस्तक लगेच मधे आणू नका. बोलणं तिकडेच जातं आणि बिचाऱ्याचं राहून जातं.

हे सगळं मी इतरांना शिकवते, आणि गेल्या रविवारी मावशीला सवयीने विचारून बसले, "काय वाचतेयस? छान आहे का?"

"छान-बिन नंतर बघू," ती म्हणाली. "एकशे बारावर आहे. म्हातारा घर विकायला निघालाय, पिशवीत कागद घेऊन एस्टीत बसलाय, आणि मला त्याचा दंड धरून खाली उतरवावासा वाटतोय. ठेव आता, माझं राहिलंय."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पुस्तकाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.